कृत्रिम ग्रैव चकतीच्या रचना आणि तुलनेची परिभाषा

मानेच्या दोन मणक्यांमधील झिजलेली किंवा फुटलेली चकती काढून टाकून तिच्या जागी यांत्रिक चकती बसविण्याची शस्त्रक्रिया आता शल्यशास्त्रात स्थिरावली आहे. अशा चकत्यांच्या अनेक रचना प्रचारात आल्या असून त्यांची परस्परांशी तुलना करणारे लेखनही विपुल झाले आहे. ह्या लेखनाचे परीक्षण सामान्यतः शल्यचिकित्सक व यंत्रशास्त्रज्ञ करतात आणि ते स्वाभाविकच आहे. तथापि तुलना ही जशी मापनाची क्रिया आहे तशीच ती भाषेचीही क्रिया आहे. दोन वस्तूंची तुलना करावयाची तर प्रथम त्यांना एका जातीच्या म्हणावे लागते. मग त्यांच्यातील भेद दाखविणारी विशेषणे ठरवावी लागतात. आणि अखेरीस 'अधिक चांगली' ह्या शब्दाचा अर्थ निश्चित करावा लागतो. ह्या तिन्ही पायऱ्यांवर शब्दांनी जर काही आधीच गृहीत धरले असेल, तर पुढील आकडे कितीही काटेकोर असले तरी निष्कर्ष त्या गृहीताच्या बाहेर जाऊ शकत नाही.

प्रस्तुत लेखात ह्या तुलनेत वारंवार येणाऱ्या चार शब्दांचे परीक्षण केले आहे: 'कृत्रिम चकती', 'बद्ध' व 'अबद्ध' ही जोडी, 'गतिरक्षण' आणि 'यश'. ह्या शब्दांच्या आश्रयाने रचनारचनांतील तुलना झाल्याचा भास होतो. वस्तुतः बहुतेक चाचण्यांत प्रत्येक रचनेची तुलना एका तिसऱ्याच उपचाराशी झालेली आहे, असे येथील प्रतिपादन आहे. हा प्रश्न केवळ परिभाषेच्या शिस्तीचा नाही. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करणारा रोगी ह्याच शब्दांच्या आधारे आपली मान दुसऱ्याच्या हाती देत असतो.

१. पार्श्वभूमी

मानेत सात मणके असतात. पहिल्या दोहोंच्या मध्ये चकती नसते. दुसऱ्याच्या खालून पुढे प्रत्येक दोन मणक्यांमध्ये ती असते. तिचा गाभा पाणीदार व लवचिक असून त्याभोवती तंतूंचे कडे असते. वय, झीज किंवा आघात ह्यांमुळे हे कडे फाटून गाभा मागे सरकला, किंवा कडेला हाडाची वाढ झाली, तर मज्जारज्जूवर वा त्यातून निघणाऱ्या चेतातंतूच्या मुळावर दाब येतो. हात दुखणे, बधिर होणे, बोटांची शक्ती जाणे ही त्याची लक्षणे होत.

ह्यावरील प्रस्थापित उपचार म्हणजे मानेच्या पुढील बाजूने जाऊन चकती काढणे आणि ते दोन मणके हाडाच्या तुकड्याने एकमेकांना सांधून टाकणे. जॉर्ज स्मिथ व रॉबर्ट रॉबिन्सन ह्यांनी ही पद्धती १९५५ साली व पुन्हा अधिक विस्ताराने १९५८ साली मांडली. राल्फ क्लॉवर्ड ह्यांची पद्धतीही १९५८ चीच. ह्या अस्थिसंयोगाने दाब जातो व वेदना शमते, परंतु त्या दोन मणक्यांमधील हालचाल कायमची बंद होते. वरच्या व खालच्या सांध्यांवर त्यामुळे अधिक ताण पडून कालांतराने तेही बिघडतात, अशी शंका फार पूर्वीपासून आहे. हिलीब्रँड व त्यांचे सहकारी ह्यांनी १९९९ साली ३७४ रोग्यांच्या पाहणीवरून शेजारच्या पातळीवरील नव्या लक्षणांचे प्रमाण दरवर्षी सुमारे २.९ टक्के असल्याचे दाखविले, आणि दहा वर्षांत ते सुमारे एकचतुर्थांश रोग्यांपर्यंत पोचेल असा अंदाज वर्तविला. कृत्रिम चकतीच्या पुरस्काराचा मुख्य आधार हाच आकडा आहे. मात्र त्याच पाहणीत अनेक पातळ्या सांधलेल्या रोग्यांत हे प्रमाण एक पातळी सांधलेल्यांपेक्षा कमी आढळले होते. म्हणजे शेजारच्या सांध्याचा ऱ्हास हा सर्वस्वी अस्थिसंयोगाचा परिणाम नसून काही अंशी त्या पाठीच्या कण्याची स्वतःचीच वाटचाल असू शकते. ही दुसरी गोष्ट पुढील लेखनात पहिलीइतकी उद्धृत होत नाही.

हालचाल राखण्याचे प्रयत्न जुने आहेत. दक्षिण आफ्रिकेतील राइट्झ व जूबेर ह्यांनी १९६४ साली मानेत धातूचे गोळे बसविल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. स्वीडनमध्ये उल्फ फर्नस्ट्रॉम ह्यांनी पोलादी गोळ्यांचाच प्रयोग मुख्यतः कमरेच्या मणक्यांत केला व १९६६ साली त्याची माहिती दिली. गोळ्याचा भार हाडाच्या लहानशा बिंदूवर पडत असल्याने तो मणक्यात रुतू लागे, आणि ही वाट मागे पडली. पुढे इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे फ्रेंचे रुग्णालयात ब्रायन कमिन्स ह्यांनी १९८९ च्या सुमारास चेंडू आणि खोबण अशा जोडीची पोलादी रचना सिद्ध केली. तिच्यापासून सुधारत आलेल्या प्रेस्टीज एसटी ह्या चकतीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २००७ मध्ये मान्यता दिली. त्याच वर्षाच्या अखेरीस प्रोडिस्क-सी, २००९ मध्ये ब्रायन, २०१३ मध्ये मोबी-सी, २०१९ मध्ये एम६-सी आणि २०२० मध्ये सिम्प्लिफाय ह्या रचनांना मान्यता मिळाली. मोबी-सी ही लगतच्या दोन पातळ्यांसाठी मान्य झालेली पहिली चकती होय.

२. 'कृत्रिम चकती' हे नाव

मराठीत 'कृत्रिम' हे विशेषण दोन भिन्न प्रकारे वापरले जाते. कृत्रिम फूल हे फुलासारखे दिसते, पण फुलाचे कार्य करीत नाही. कृत्रिम दात दिसतो दातासारखा आणि चावण्याचे काम कमीअधिक प्रमाणात करतो. कृत्रिम पाय पुष्कळदा पायासारखा दिसतही नाही, तरी तो पायाच्या जागी उभा राहतो. म्हणजे ह्या विशेषणाने साधर्म्य सांगितले जाते, परंतु ते रूपाचे, कार्याचे की स्थानाचे हे सांगितले जात नाही. ते श्रोत्याने नामाच्या अर्थावरून ठरवावयाचे असते.

'कृत्रिम चकती' म्हटल्यावर सामान्य वाचक पहिले दोन अर्थ गृहीत धरतो. मूळ चकती मऊ होती, भार झेलीत होती. तशीच ही असेल, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात प्रचारातील बहुतेक रचना मूळ चकतीशी रूपाने वा घडणीने जुळत नाहीत. त्यांचा आदर्श चकती नसून मांडीचा कृत्रिम खुबा हा आहे. प्रोडिस्क-सी हिच्यात कोबाल्ट-क्रोमच्या दोन पट्ट्या असून खालच्या पट्टीवर पॉलिएथिलीनचा घुमट पक्का बसविलेला असतो व वरची पट्टी त्यावर फिरते. प्रेस्टीजमध्ये वरचा चेंडू खालच्या लांबट खोबणीत फिरतो आणि थोडा पुढेमागे सरकतो. हे सांधे आहेत, चकत्या नव्हेत. शरीरातील चकती ही दोन हाडांना जोडणारी व वाकताना प्रतिकार करणारी वस्तू आहे. चेंडू आणि खोबण ह्या जोडीत असा जोडही नाही आणि प्रतिकारही नाही.

येथे एक गोष्ट लक्षणीय आहे. कमिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली आपल्या २० रोग्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला तेव्हा त्याच्या शीर्षकात त्यांनी आपल्या रचनेस 'कृत्रिम सांधा' असेच म्हटले होते. त्या नावात रचनेचे यथार्थ वर्णन होते. पुढे 'चकती' हा शब्द रूढ झाला, आणि त्याबरोबर साधर्म्याचा दावा स्थानावरून कार्यावर सरकला. ब्रायन व एम६-सी ह्या दोन रचना मात्र वेगळ्या वर्गातल्या मानावयास हव्यात. ब्रायनमध्ये टायटॅनियमच्या दोन कवचांमध्ये पॉलियुरेथेनचा गाभा असतो. एम६-सीमध्ये लवचिक गाभ्याभोवती पॉलिएथिलीनच्या तंतूंचे कडे विणलेले असते. ह्या रचनांनी चकतीच्या घडणीचे अनुकरण करण्याचा प्रयत्न केला आहे. तेव्हा एकाच नावाखाली निदान दोन जाती नांदत आहेत: चकतीच्या जागी बसणारे सांधे, आणि चकतीची नक्कल करणाऱ्या वस्तू. त्यांना एका स्तंभात मांडून गुण देणे म्हणजे काठी व कृत्रिम पाय ह्यांना 'चालण्याची साधने' म्हणून गुण देण्यासारखे आहे. ते अशक्य नाही. परंतु कोणत्या गुणासाठी, हे आधी सांगितले पाहिजे.

नक्कल जितकी जवळची तितकी वस्तू चांगली, असाही निष्कर्ष येथून काढता येत नाही, हेही नमूद केले पाहिजे. एम६-सीच्या बाबतीत काही वर्षांनंतर चकतीभोवतीचे हाड झिजत गेल्याचे वृत्तान्त वैद्यकीय नियतकालिकांतून आले, आणि २०२५ साली तिच्या उत्पादकाने ती बंद करण्याचे जाहीर केले. साधर्म्य हे वर्णन आहे. तो गुण आहे की नाही हे काळ ठरवितो.

३. 'बद्ध' आणि 'अबद्ध'

रचनांचे सर्वांत रूढ वर्गीकरण बद्ध, अर्धबद्ध व अबद्ध असे केले जाते. जी रचना नैसर्गिक मर्यादेपेक्षा कमी हालचाल करू देते ती बद्ध. जी साधारण तेवढीच करू देते ती अर्धबद्ध. आणि जिच्यात यांत्रिक अडथळा नसून स्नायू, बंध व मागील लहान सांधे ह्यांच्यावरच मर्यादा सोपविलेली असते ती अबद्ध. वरवर पाहता ही व्याख्या स्पष्ट वाटते. तरीही प्रोडिस्क-सी ही काही लेखकांच्या मते अर्धबद्ध तर काहींच्या मते बद्ध ठरते, आणि अन्य रचनांबाबतही असे मतभेद आढळतात. एकाच वस्तूला एकाच शास्त्रात दोन विरोधी विशेषणे लागत असतील, तर दोष वस्तूत नसून विशेषणात असण्याचा संभव अधिक.

भाषाशास्त्रात विरुद्धार्थी शब्दांचे दोन प्रकार मानतात. 'जिवंत' व 'मृत' ह्या जोडीत मधली पायरी नाही. 'उंच' व 'ठेंगणा' ह्या जोडीत अनंत पायऱ्या आहेत, आणि कोणते माप धरावयाचे हे संदर्भावर अवलंबून असते. 'बद्ध' व 'अबद्ध' हे शब्द रूपाने पहिल्या प्रकारचे भासतात, कारण 'अ' ह्या उपसर्गाने सरळ नकार सूचित होतो. अर्थाने मात्र ते दुसऱ्या प्रकारचे आहेत. 'अर्ध' हा उपसर्ग जोडावा लागला हीच त्याची कबुली होय. परंतु अडचण एवढ्यावर थांबत नाही. उंची ही एकाच दिशेने मोजतात. मणक्यांची हालचाल सहा प्रकारांनी होते. तीन अक्षांभोवती वळणे आणि तीन दिशांनी सरकणे अशा सहा स्वतंत्र शक्यता आहेत. प्रोडिस्क-सी तिन्ही वळणांना मोकळीक देते, पण वळण्यापासून निराळे असे सरकू देत नाही, कारण तिच्या हालचालीचे केंद्र घुमटामुळे एका जागी निश्चित झालेले असते. प्रेस्टीज पुढेमागे थोडे सरकू देते. मोबी-सीचा मधला गाभा खालच्या सपाट पट्टीवर सरकतो, मात्र बाजूच्या अडसरांपर्यंतच. एम६-सी वरून पडणाऱ्या भाराखाली थोडी दबतेही, आणि हा गुण पहिल्या तिन्हींत नाही. सहा दिशांचा तपशील एका विशेषणात कोंबला म्हणजे लेखकाला ज्या दिशेचे महत्त्व वाटते तीच दिशा त्या विशेषणाचा अर्थ ठरते. मतभेद तेथून उद्भवतात.

शिवाय ह्या शब्दांना मूल्याची छटा आहे. बंधन वाईट व मुक्तता चांगली, असा संस्कार भाषेतच मुरलेला असतो. यांत्रिकदृष्ट्या तसे म्हणता येत नाही. जी रचना स्वतः मर्यादा घालीत नाही ती मर्यादा घालण्याचे काम मागील लहान सांध्यांवर टाकते. ते सांधे आधीच झिजलेले असतील तर ही मुक्तता त्यांना भार होते. उलट निश्चित केंद्राची रचना स्थैर्य देते, पण तिचे केंद्र त्या रोग्याच्या नैसर्गिक केंद्राशी जुळले नाही तर प्रत्येक हालचालीत ओढ निर्माण होते. आणि नैसर्गिक केंद्र तर प्रत्येक पातळीवर निराळे असते. तेव्हा येथे प्रश्न 'किती मोकळी' हा नसून 'मर्यादा कोण घालतो' हा आहे. तो प्रश्न विचारला की उत्तर एका शब्दात देता येत नाही, पण ते उपयोगी असते.

४. 'गतिरक्षण'

'रक्षण' ह्या शब्दात एक पूर्वगृहीत आहे: जे होते ते तसेच राहिले. मणक्यांमधील गतीच्या बाबतीत हे अक्षरशः खरे नाही. मूळ चकती काढली जाते, पुढील बंधही कापला जातो, आणि नव्या यंत्राची गती त्या ठिकाणी आणली जाते. ही गती अंशांत मोजली असता पूर्वीइतकी भरेल. परंतु तिचा मार्ग व तिला होणारा प्रतिकार पूर्वीचा असेलच असे नाही. वाक्यातील शब्दांची संख्या कायम राहिली म्हणून वाक्याचा अर्थ कायम राहिला असे कोणी म्हणणार नाही. त्याचप्रमाणे अंशांची संख्या हे गतीचे एक लक्षण आहे, संपूर्ण वर्णन नव्हे. 'गतिस्थापन' हा शब्द अधिक प्रामाणिक ठरला असता.

ह्याहून गंभीर गोष्ट पुढे येते. कृत्रिम चकतीभोवती काही रोग्यांत नको त्या ठिकाणी हाड वाढू लागते. मॅकॅफी व सहकाऱ्यांनी २००३ साली ह्या वाढीच्या शून्यापासून चारपर्यंत पायऱ्या ठरविल्या. चौथ्या पायरीवर दोन मणके हाडाने जोडले जातात. म्हणजे जो अस्थिसंयोग टाळण्यासाठी शस्त्रक्रिया केली तोच निसर्गतः घडून येतो. अशा रोग्याचा हात दुखत नसेल, त्याला पुन्हा शस्त्रक्रिया लागली नसेल, तर चाचणीच्या व्याख्येनुसार त्याची गणना यशस्वी रोग्यांत होऊ शकते. ज्या हेतूवरून उपचाराला नाव मिळाले तो हेतू फसूनही उपचार यशस्वी म्हणवितो, ही परिस्थिती परिभाषेच्या दृष्टीने विचार करावयास लावणारी आहे. तिचे दोन अर्थ संभवतात. एक तर 'यश' ह्या शब्दाची व्याख्या अपुरी आहे. किंवा रोग्याचा खरा लाभ दाब दूर झाल्याने होतो, आणि गती राखण्याचे महत्त्व समजले जाते त्याहून कमी आहे. कोणताही अर्थ घेतला तरी 'गतिरक्षण' हे नाव रचनांच्या तुलनेचा पाया म्हणून वापरता येत नाही.

५. 'यश' आणि त्याचे आकडे

अमेरिकेतील मान्यतेच्या चाचण्यांत 'यश' हा संयुक्त निकष असतो. मानेच्या दुखण्यामुळे येणाऱ्या असमर्थतेच्या प्रश्नावलीत ठरावीक सुधारणा, चेतासंस्थेची स्थिती न बिघडणे, चकतीशी संबंधित गंभीर उपद्रव नसणे व त्या जागी पुन्हा शस्त्रक्रिया न लागणे, ह्या सर्व अटी पुऱ्या झाल्या तरच रोगी यशस्वी गणला जातो. चार प्रमुख चाचण्यांचे एका पातळीवरील, चोवीस महिन्यांचे आकडे पूर्णांकात पुढीलप्रमाणे आहेत. प्रेस्टीज: चकतीत ७९ टक्के, अस्थिसंयोगात ६८. ब्रायन: चकतीत ८३, अस्थिसंयोगात ७३. प्रोडिस्क-सी: ७२ व ६८. मोबी-सी: ७४ व ६५.

ह्या आकड्यांतील पहिला स्तंभ तेवढा वाचला तर ब्रायन प्रथम, प्रेस्टीज द्वितीय, मोबी-सी तृतीय व प्रोडिस्क-सी चतुर्थ असा क्रम लागतो. चकती व अस्थिसंयोग ह्यांतील अंतर घेतले तर प्रेस्टीज पहिली येते आणि ब्रायन दुसरी. म्हणजे केवळ वाचनाची रीत बदलताच अग्रक्रम बदलतो. परंतु खरे शिकण्यासारखे आहे ते दुसऱ्या स्तंभात. चारही चाचण्यांत अस्थिसंयोग ही मूलतः एकच शस्त्रक्रिया होती. तरीही तिचे यश ६५ पासून ७३ पर्यंत हलले. एकाच गोष्टीचे माप चार ठिकाणी आठ टक्क्यांनी बदलत असेल, तर त्याच मापाने चार निरनिराळ्या गोष्टींत दिसणारा अकरा टक्क्यांचा फरक त्या गोष्टींचाच आहे असे म्हणता येणार नाही. त्यातील किती भाग रचनेचा, किती रोग्यांच्या निवडीचा आणि किती व्याख्येचा हे वेगळे करण्याचे साधन ह्या आकड्यांत नाही.

व्याख्येचा भाग तर उघड आहे. प्रेस्टीज व ब्रायन ह्यांच्या चाचण्यांत शंभरपैकी १५ गुणांची सुधारणा पुरेशी मानली होती. मोबी-सीच्या चाचणीत आरंभीची असमर्थता ६० वा अधिक असल्यास ३० गुणांची, आणि त्याहून कमी असल्यास निम्म्याने सुधारणा व्हावी लागे. पहिल्या दोन ठिकाणी ज्यास यश म्हटले त्यातील काही रोगी तिसऱ्या ठिकाणी अपयशी ठरले असते. शब्द एक, अर्थ दोन. आणि तरी आकडे शेजारी शेजारी मांडले जातात.

रोग्यांची संख्याही सारखी नव्हती. प्रेस्टीजच्या चाचणीत ५४१, ब्रायनच्या ४६३, तर प्रोडिस्क-सीच्या २०९ रोगी होते. मोबी-सीच्या दोन पातळ्यांच्या स्वतंत्र चाचणीत ३३० रोगी होते, आणि तेथे पाच वर्षांनी चकतीचे यश ६१ टक्के व अस्थिसंयोगाचे ३१ टक्के आढळले. हे अंतर मोठे आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करण्याचे कारण नाही. दोन पातळ्या सांधण्यापेक्षा दोन चकत्या बसविणे अधिक हितकर, असा निष्कर्ष त्यातून निघू शकतो. मोबी-सी ही प्रोडिस्क-सीपेक्षा किंवा प्रेस्टीजपेक्षा चांगली, असा निघत नाही. कारण त्या तेथे नव्हत्याच. अलीकडच्या काही चाचण्यांत नव्या रचनेची तुलना अस्थिसंयोगाशी न करता मोबी-सीशी करण्यात आली आहे. रचनारचनांच्या तुलनेचा योग्य मार्ग तो आहे.

६. 'कमी नाही' ह्याचा अर्थ

मान्यतेच्या चाचण्यांचा मूळ प्रश्न 'नवी चकती अधिक चांगली आहे काय' असा नव्हता. 'ती अस्थिसंयोगाहून ठरावीक मर्यादेपलीकडे वाईट नाही ना' असा होता. ही मर्यादा सामान्यतः दहा टक्क्यांच्या आसपास धरली जाई. ह्या निष्कर्षाचे मराठीत 'कमी नाही' असे भाषांतर केले तर मोठा अनर्थ होतो. मराठीत 'हा मुलगा काही कमी नाही' ह्या वाक्याने मुलगा सरासरीच्या जवळपास आहे असे कोणी समजत नाही. तो हुशार आहे असेच समजतात. नकारातून प्रशंसा करण्याची ही लकब बोलीत इतकी रुजली आहे की 'जुन्या पद्धतीपेक्षा ही चकती कमी नाही' हे वाक्य ऐकणारा रोगी 'ही सरस आहे' असा अर्थ घेऊन उठेल. संख्याशास्त्राने जाणीवपूर्वक लहान ठेवलेला दावा अशा रीतीने भाषांतरात मोठा होतो. येथे आखूड वाक्य टाळून 'जुन्या शस्त्रक्रियेच्या तुलनेत हिचे यश फार तर अमुक टक्क्यांनी कमी असू शकेल, त्याहून अधिक नाही' असे लांब वाक्य वापरणेच इष्ट.

काही चाचण्यांत पुढे श्रेष्ठत्वाचीही कसोटी लावली गेली व ती उतरली, आणि सात ते दहा वर्षांच्या निरीक्षणांत चकती बसविलेल्या गटात पुन्हा शस्त्रक्रियेचे प्रमाण कमी आढळले, हे येथे न्यायाने सांगितले पाहिजे. तथापि शस्त्रक्रियेनंतर आपल्याला काय बसविले हे रोग्यास ठाऊक असे, आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावयाची की नाही हा निर्णयही तोच शल्यचिकित्सक घेई. न जुळलेला अस्थिसंयोग दिसला की शस्त्रक्रियेचे कारण सापडते. हाडाने जोडली गेलेली चकती दिसली तर सापडेलच असे नाही.

७. मराठी रोग्यापुढील शब्द

ह्या परिभाषेशी मराठी भाषिकाचा संबंध दवाखान्यात येतो. तेथे प्रचलित असलेले शब्द शास्त्राचे नाहीत, पण ते निर्जीवही नाहीत. चकतीला लोक 'गादी' म्हणतात; 'गादी सरकली', 'नस दबली' ही वाक्ये सर्वत्र ऐकू येतात. 'गादी' ह्या शब्दात मऊपणा व भार झेलणे हे दोन्ही अर्थ आहेत आणि मूळ चकतीचे ते वाईट वर्णन नव्हे. मात्र 'खराब गादी काढून नवी गादी बसवू' असे सांगितले की धातूच्या चेंडूविषयी बोलत असूनही रोग्याच्या मनात मऊ वस्तू उभी राहते. दुसऱ्या विभागात ज्या नावाची चर्चा केली त्याचाच दोष येथे बोलीत दुणावतो.

'मणक्यात गॅप आहे' हा प्रयोग तर अधिक उद्बोधक आहे. झिजलेल्या चकतीमुळे दोन मणक्यांतील अंतर कमी होते; क्ष-किरणचित्रात फट अरुंद दिसते. लोकभाषेत मात्र ह्याच आजाराला फट पडल्याचे नाव मिळाले. ऐकणाऱ्यास वाटते की काही तरी सुटे झाले आहे आणि ते भरून काढले पाहिजे. अशा समजुतीच्या रोग्याला सांधणे हे स्वाभाविक वाटेल आणि हलती चकती धोक्याची वाटेल, किंवा 'गॅप भरणारी' वस्तू म्हणून कोणतीही चकती सारखीच वाटेल. दोन्ही प्रसंगी निवड रचनेच्या गुणांवर होत नाही.

यशाच्या मापाचाही येथे विचार व्हावयास हवा. उपरोक्त प्रश्नावली व्हर्नन व मायर ह्यांनी १९९१ साली प्रसिद्ध केली. तिच्यात दहा विभाग असून वाचन, डोकेदुखी, झोप, काम ह्यांबरोबर मोटार चालविणे हाही एक विभाग आहे. डोक्यावर पाण्याची घागर वा गवताचा भारा वाहणाऱ्या बाईस ह्या विभागात काय उत्तर द्यावे हे कळणार नाही, आणि तिच्या मानेवर येणारा खरा भार त्या प्रश्नावलीत कोठेही नोंदविला जाणार नाही. शब्दशः भाषांतर निर्दोष असूनही मापन सदोष राहू शकते, ह्याचे हे उदाहरण होय.

८. उपसंहार

वरील परीक्षणाचा अर्थ कृत्रिम चकत्या निरुपयोगी आहेत असा नाही, किंवा सर्व रचना सारख्या आहेत असाही नाही. त्या भिन्न आहेत आणि त्यांचे भेद महत्त्वाचे आहेत. परंतु ते भेद 'बद्ध-अबद्ध' ह्या एका रेषेवर मावत नाहीत आणि चोवीस महिन्यांच्या टक्केवारीतूनही उमटत नाहीत. रचनांचे वर्णन चार प्रश्नांच्या उत्तरांनी करावे, हे अधिक सयुक्तिक दिसते. गती कोणत्या पृष्ठावर होते व तिची मर्यादा कोण घालतो? एकमेकांवर घासणारे पदार्थ कोणते आणि त्यांचा चुरा कोठे जातो? हाडाला ती कशाने धरून राहते: प्रोडिस्क-सीसारख्या हाडात खाच पाडून बसविलेल्या कण्याने, प्रेस्टीज एसटीसारख्या पुढील स्क्रूंनी, की मोबी-सीसारख्या दातांनी? आणि ती बिघडल्यास ती काढता येते काय, तसेच चुंबकीय चित्रणात तिच्याभोवतीचा मज्जारज्जू दिसतो काय? शेवटचा प्रश्न गौण नाही. पोलाद व कोबाल्ट-क्रोम चित्रात मोठी सावली पाडतात, टायटॅनियम त्याहून कमी. सिम्प्लिफाय ह्या रचनेत धातूच्या पट्ट्याच टाळण्याचे एक कारण हे आहे.

ह्या प्रश्नांची उत्तरे विशेषणांत देता येत नाहीत, ती वाक्यांत द्यावी लागतात. संमतिपत्रांचे मराठी मसुदे तयार करणाऱ्यांनी आणि वैद्यकीय परिभाषाकोशाचे काम करणाऱ्यांनी पर्यायशब्दांच्या शोधाबरोबर ह्या वाक्यांकडेही लक्ष दिले पाहिजे. 'अर्धबद्ध' ह्या शब्दाला उत्तम मराठी प्रतिशब्द सापडला तरी रोग्याला काहीच कळलेले नसते. 'ही चकती वळू देते पण सरकू देत नाही. सरकण्याची ओढ तुमच्या मागच्या सांध्यांवर येईल' हे वाक्य त्याला कळते, आणि त्यावर तो आपला पुढचा प्रश्न विचारू शकतो.